किनाऱ्यावरील मोठ्या रिसॉर्टचा विस्तार आणि परिसरातील सुविधा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

किनाऱ्यावर आधीपासून चालू असलेल्या रिसॉर्टने विस्ताराचा प्रस्ताव मांडला की वस्तीत बहुधा दोन तट पडतात. एका तटाला रोजगार दिसतो, दुसऱ्याला पाण्याचे टँकर दिसतात. दोन्ही तटांच्या हाती मात्र एकच आकडा असतो, तो म्हणजे वाढणाऱ्या खोल्यांचा. पाणी, सांडपाणी, रस्ता, पुळण आणि दवाखाना यांवर किती भार पडणार हे समजून घ्यायला हाच आकडा सर्वांत कमी उपयोगाचा आहे. खालील प्रश्न जनसुनावण्यांत आणि त्यांच्या आधीच्या बैठकांत पुन्हा पुन्हा विचारले जातात. काही उत्तरे लांब आहेत, कारण तो विषयच तसा आहे.

विस्तारात खोल्यांखेरीज काय वाढते?

बरेच काही वाढते, आणि त्यातले पुष्कळसे प्रस्तावाच्या पहिल्या पानावर येत नाही. समारंभांचे सभागृह, परिषदेची दालने, जलतरण तलाव, कपडे धुण्याचा विभाग, हिरवळ, कर्मचाऱ्यांची निवासस्थाने, वाहनतळ आणि काही ठिकाणी बोटींचा धक्का हे सारे विस्ताराचेच भाग असतात. सहाशे माणसे बसतील असे सभागृह बांधले तर खोल्यांच्या संख्येत एकाचीही भर पडत नाही, पण समारंभाच्या संध्याकाळी त्या एका सभागृहामुळे रस्त्यावर येणारी वाहने शंभर नव्या खोल्यांच्या वाहनांहून अधिक असू शकतात. म्हणून ‘खोल्या किती’ याच्या जोडीला ‘एका दिवशी आवारात जास्तीत जास्त माणसे किती’ असे विचारावे. त्यात निवासी पाहुणे, दिवसापुरते येणारे, कर्मचारी, चालक आणि मालपुरवठादार असे सगळे मोजले जायला हवेत.

अहवालात वार्षिक सरासरी दिलेली असते. ती पुरेशी का नाही?

नळ, गटार, पूल आणि रुग्णवाहिका यांना वर्षाची सरासरी कळत नाही. त्यांच्यावर ताण येतो तो एका विशिष्ट दिवशी, एका विशिष्ट तासाला. वर्षभरात साठ टक्के खोल्या भरलेल्या असतात असे म्हणणारे रिसॉर्ट सुट्ट्यांच्या आठवड्यात शंभर टक्के भरलेले असते, आणि नेमक्या त्याच आठवड्यात आजूबाजूची लहान निवासस्थानेही भरलेली असतात, किनाऱ्यावर दिवसाच्या सहलीला आलेल्यांची गर्दीही तेव्हाच असते. सरासरीत हे तीन भार वेगवेगळे दिसतात, प्रत्यक्षात ते एकावर एक चढतात.

यात आणखी एक मेख आहे. सुविधा जसजशी भरत जाते तसतसा विलंब सरळ रेषेत वाढत नाही. रांगांच्या गणितातील सर्वांत साधे सूत्र घेतले तर सुविधा ८० टक्के वापरात असताना तिथे सरासरी ४ जण अडकलेले असतात, ९० टक्क्यांना ९ जण आणि ९५ टक्क्यांना १९ जण. म्हणजे शेवटच्या पाच टक्क्यांनी रांग दुपटीहून लांब होते. ‘आमच्यामुळे वाहतुकीत केवळ पाच टक्के वाढ होईल’ हे विधान खरे असूनही फसवे ठरते ते असे. ती पाच टक्के वाढ अर्ध्या रिकाम्या रस्त्यावर पडणार आहे की आधीच तुंबलेल्या रस्त्यावर, हे सांगितल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही.

पाणी किती लागेल, याचा अंदाज आपल्याला स्वतः करता येतो का?

ढोबळ अंदाज कागद-पेन्सिलीवर करता येतो. मानू या की १५० खोल्या वाढणार आहेत, प्रत्येक खोलीत दोन पाहुणे आहेत आणि स्वयंपाकघर, धुलाई वगैरे धरून माणशी रोज ४०० लिटर पाणी लागते. हे झाले रोजचे १,२०,००० लिटर. आता दोन हेक्टर नवी हिरवळ धरा. उष्ण, कोरड्या दिवशी गवतातून आणि मातीतून सुमारे ५ मिलिमीटर पाणी हवेत जाते. एका हेक्टरवर १ मिलिमीटर म्हणजे १०,००० लिटर, म्हणून दोन हेक्टरांना रोज १,००,००० लिटर लागतात. याउलट ६०० चौरस मीटरच्या तलावातून बाष्पीभवनाने जाणारे पाणी रोज तीन-चार हजार लिटरच्या घरात असते.

लोकांचा राग बहुधा तलावावर निघतो, कारण तो निळाशार आणि डोळ्यांत भरणारा असतो. हिशेबात मात्र हिरवळ पुढे निघून जाते. (न्हाणीघरात ‘टॉवेल पुन्हा वापरा, पाणी वाचवा’ अशी पाटी आणि खिडकीबाहेर भर दुपारी फिरणारे तुषार, हे दृश्य अनेकांनी पाहिले असेल.) हिरवळीला प्रक्रिया केलेले सांडपाणी देणार असाल तर त्याचा वेगळा हिशेब दाखवा, ही मागणी अगदी रास्त आहे.

आमच्या विहिरी खाऱ्या होतील का?

होऊ शकतात, आणि कशा होतात हे नीट समजून घेण्यासारखे आहे. किनाऱ्याजवळच्या जमिनीखाली गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. गोड्या पाण्याची घनता १ धरली तर समुद्राच्या पाण्याची सुमारे १.०२५ असते. या छोट्या फरकातून एक मोठे गुणोत्तर निघते. भूजलाची पातळी समुद्रसपाटीपेक्षा १ मीटर वर असेल तर तिच्याखाली सुमारे ४० मीटर खोलीपर्यंत गोडे पाणी असते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस घायबेन आणि विसाव्याच्या आरंभी हर्ट्झबर्ग या दोन अभ्यासकांनी हे स्वतंत्रपणे मांडले, म्हणून ते दोघांच्या नावांनी ओळखले जाते.

आता हेच गणित उलट वाचा. उपशामुळे वरची पातळी अर्धा मीटर खाली गेली आणि तशीच राहिली, तर खालची खारी सीमा कालांतराने २० मीटर वर सरकू शकते. विहिरीत डोकावणाऱ्याला अर्ध्या मीटरचा फरक दिसतो आणि ‘पाणी थोडे उतरले आहे’ असे वाटते. तळाशी काय घडले ते त्याला दिसत नाही. हे आदर्श स्थितीतले गणित आहे हे खरे. प्रत्यक्षात खडकातील भेगा, चिकणमातीचे थर आणि पावसाचे मुरणे यांनुसार चित्र बदलते. जोराने उपसा करणाऱ्या एकाच कूपनलिकेखाली खारे पाणी शंकूसारखे वर ओढले जाते, म्हणून शेजारची उथळ विहीर गोडी असताना ती कूपनलिका खारट होऊ शकते. क्वचित याच्या उलटही घडते.

बिघडायला किती खारे पाणी लागते? समुद्राच्या पाण्यात दर लिटरला सुमारे १९,००० मिलिग्रॅम क्लोराइड असते आणि साधारण २५० मिलिग्रॅमच्या आसपास जिभेला खारटपणा जाणवू लागतो. म्हणजे शंभर भाग गोड्या पाण्यात समुद्राचा सव्वा भाग मिसळला तरी पुरे. घरातल्या माणसांना हे प्रयोगशाळेच्या आधी कळते. अंगाला साबण लावला तर फेस धरत नाही, बादलीच्या कडेला पाणी सुकले की पांढरी रेघ उरते, आणि जुन्या पंपाच्या लोखंडी जोडाला एका हंगामात गंजाचे पापुद्रे सुटतात. या खुणांवरून शंका घ्यावी, निष्कर्ष मात्र मोजमापावरूनच काढावा, कारण निव्वळ जड पाण्यातही साबण फेसत नाही.

एकदा शिरलेले खारे पाणी उपसा थांबवला की दुसऱ्या दिवशी परत जात नाही, त्याला वर्षे लागतात. त्यामुळे ‘त्रास झाल्यास उपसा कमी करू’ ही हमी या बाबतीत फारशी कामाची नाही. सूचना देणारी निरीक्षण विहीर समुद्र आणि वस्तीच्या विहिरी यांच्या मध्ये हवी, आणि तिच्यातील खारेपणा ठरावीक मर्यादेला पोहोचताच उपसा थांबेल अशी अट आधीच लिहिलेली हवी.

रिसॉर्ट समुद्राचे पाणी गोडे करून वापरणार आहे. मग प्रश्न मिटला ना?

भूजलाचा भार हलका होतो, यात शंका नाही, आणि पुष्कळ ठिकाणी हाच उत्तम मार्ग असतो. पण भार नाहीसा न होता दुसरीकडे जातो. आधुनिक संयंत्राला एक हजार लिटर गोडे पाणी मिळवण्यासाठी साधारण ३ ते ४ युनिट वीज लागते. आत घेतलेल्या पाण्यापैकी बहुधा निम्म्याहून कमी गोडे होऊन बाहेर येते आणि उरलेले जवळपास दुप्पट खारट होऊन परत सोडावे लागते. ते कुठे सोडणार? प्रवाह असलेल्या खुल्या समुद्रात ते लवकर मिसळते. संथ खाडीत किंवा प्रवाळाच्या उथळ पट्ट्यात ते जड असल्यामुळे तळाशी बसते. आणखी एक बारीक प्रश्न विचारावा : पाणी थेट समुद्रातून घेणार की किनाऱ्यावरील विहिरीतून? किनाऱ्यावरील विहीर चुकीच्या जागी असेल तर ती समुद्राबरोबर गोडे भूजलही ओढते.

सांडपाण्यासाठी प्रक्रिया केंद्र बांधणार असे लिहिले आहे. तरी काळजी का करावी?

केंद्र बांधणे सोपे आहे, गर्दीच्या आठवड्यात ते चालवणे अवघड. वापरलेल्या पाण्यापैकी साधारण ८० टक्के सांडपाणी होते असे धरले जाते, म्हणजे वरच्या उदाहरणात रोज सुमारे ९६,००० लिटर. प्रक्रिया करणारे जिवाणू हे सजीव आहेत. हंगामाबाहेर सांडपाणी कमी आले की त्यांची उपासमार होते आणि संख्या घटते. मग सुट्टीच्या एका संध्याकाळी तिप्पट पाणी येते, ते पचवण्याएवढे जिवाणू टाकीत नसतात, आणि अर्धवट शुद्ध पाणी पुढे ढकलले जाते. धुलाई विभागातील ब्लीच आणि स्वयंपाकघरातील तेलकटपणा यांमुळे स्थिती आणखी बिघडते. यावर उपाय आहेत. येणारे पाणी साठवून दिवसभर सारखे सोडणारी मोठी समतोल टाकी, केंद्राचे दोन स्वतंत्र भाग आणि तेल अडवणारा सापळा हे तीन नकाशात दिसतात का ते पाहावे.

रिसॉर्टचे पाणी सार्वजनिक गटारात जाणार असेल तर प्रश्न वस्तीचा होतो. लांबलेल्या सुट्टीच्या तिसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला काय होते ते मी एका वळणावर उभे राहून पाहिले आहे. सगळ्यांच्या आंघोळी एकाच तासात उरकत होत्या. उतारावरच्या चेंबरच्या झाकणाला दोन भोके होती, त्यांतून आधी फेस आला, मग करडे पाणी बुडबुडत वर आले आणि रस्त्याच्या कडेने थेट पुळणीकडे निघाले. दहा वाजता ते ओसरले. दुपारी तपासणीसाठी माणूस आला तेव्हा झाकणाभोवती फक्त ओला डाग होता, आणि वहीत ‘गळती आढळली नाही’ अशी नोंद झाली. त्या नोंदीत खोटे काही नव्हते.

‘शून्य विसर्ग’, म्हणजे सांडपाणी आवाराबाहेर सोडणारच नाही, असा दावा असेल तर एकच प्रश्न विचारावा. सगळे शुद्ध पाणी बागेला देणार, ठीक आहे, पण सलग आठ दिवस पाऊस पडत असताना बागेला पाणी नको असते, तेव्हा ते कुठे जाते? उत्तरात टाकीची क्षमता लिटरमध्ये आली तर विचार झालेला आहे असे समजावे.

एका रिसॉर्टमुळे खरेच एवढे बिघडते का?

एकामुळे क्वचित, सर्वांच्या बेरजेमुळे नक्की. फिलिपीन्समधील बोराकाय बेटाचे उदाहरण बोलके आहे. सुमारे एक हजार हेक्टरांचे हे बेट पांढऱ्या वाळूसाठी प्रसिद्ध आहे. समुद्रात सोडले जाणारे सांडपाणी आणि नियम मोडून झालेली बांधकामे यांमुळे सरकारने २६ एप्रिल २०१८ पासून सहा महिने ते पर्यटकांसाठी पूर्ण बंद ठेवले. २६ ऑक्टोबरला ते उघडले तेव्हा एका वेळी बेटावर १९,२१५ पर्यटक आणि रोज नव्याने येणारे ६,४०५ अशी मर्यादा घातलेली होती. बंदीच्या काळात दार सर्वांचेच बंद होते. ज्यांचे सांडपाणी नियमानुसार होते त्यांनाही सूट मिळाली नाही, आणि बेटावर मजुरी करणाऱ्यांचे उत्पन्नही थांबले. सामायिक सुविधा कोलमडली की प्रामाणिक व्यावसायिकही तिच्याबरोबर बुडतो. म्हणून विस्ताराला प्रश्न विचारणे हे व्यवसायाविरुद्धचे काम आहे असे मला वाटत नाही.

थायलंडमधील माया बे या छोट्या खाडीत दिवसाला पाच हजारांपर्यंत माणसे येत होती. जून २०१८ मध्ये ती बंद करण्यात आली आणि जानेवारी २०२२ मध्ये मर्यादित संख्येसाठी उघडली. आता बोटी समोरून खाडीत शिरत नाहीत, मागच्या बाजूला थांबतात.

समुद्रात पोहण्याचे पाणी सुरक्षित आहे हे कसे ठरवतात?

मैलापाण्याच्या अंशाची खूण म्हणून दोन प्रकारचे जिवाणू मोजतात, एंटेरोकॉकाय आणि ई. कोलाय. युरोपीय संघाच्या २००६ च्या निर्देशानुसार किनाऱ्यावरील पाणी ‘उत्कृष्ट’ ठरण्यासाठी १०० मिलिलिटरमध्ये एंटेरोकॉकायची मर्यादा १०० आणि ई. कोलायची २५० आहे. नमुना कधी घेतला हे आकड्याइतकेच महत्त्वाचे आहे. जोराच्या पावसानंतर आणि गर्दीच्या सकाळी घेतलेले नमुने नसतील तर तो अहवाल अपुरा समजावा.

पुळणीवर जाण्याची आमची वाट बंद होऊ शकते का?

कायद्याने बहुधा नाही, व्यवहारात पुष्कळदा होते. अनेक देशांत भरतीरेषेखालचा किनारा सार्वजनिक मानला जातो. स्पेनच्या १९८८ च्या किनारा कायद्याने शहरी भागात समुद्राकडे जाणाऱ्या दोन पायवाटांमध्ये जास्तीत जास्त २०० मीटर आणि दोन वाहनमार्गांमध्ये ५०० मीटर अंतर असावे असे सांगितले आहे. भारताच्या २०११ च्या किनारा नियमन अधिसूचनेत दोन रिसॉर्टांमध्ये किमान २० मीटर रुंदीची मोकळी जागा ठेवण्याची तरतूद होती. कॅलिफोर्नियात १९७६ च्या कायद्याने कायमस्वरूपी केलेला किनारा आयोग विस्ताराला परवानगी देताना सार्वजनिक प्रवेशाची अट घालू शकतो.

तरीही वाट कशी बंद होते, ते पाहण्यासारखे आहे. भिंत कोणी घालत नाही. आधी वाटेच्या तोंडाशी कुंड्या येतात. मग एक लाकडी फाटक येते, ‘रात्रीच्या सुरक्षेसाठी’. मग फाटकाशी गणवेशातला माणूस उभा राहतो आणि अतिशय अदबीने विचारतो, ‘आपण कोणत्या खोलीत उतरला आहात?’ त्याने कोणालाही अडवलेले नसते. पण जाळे खांद्यावर घेतलेला माणूस या प्रश्नाला काय उत्तर देणार? दुसऱ्या दिवसापासून तो लांबच्या वाटेने जातो, आणि पाच वर्षांनी ‘या वाटेचा वापर होत नाही’ असे कोणत्या तरी कागदावर लिहिले जाते.

वाटेची रुंदी, फाटक नसणे, पाटीवरील मजकूर आणि रात्रीचा दिवा या चार गोष्टी मंजुरीच्या नकाशावर आल्या पाहिजेत. शिवाय वाट शाबूत असली तरी पुळणीवरची जागा आरामखुर्च्यांनी भरून टाकता येते, म्हणून खुर्च्यांचा पट्टा किती मीटरचा, तोही भरतीच्या वेळी मोजून, हे ठरवून घ्यावे. ओहोटीच्या वेळी सर्वांनाच जागा पुरते. होड्या ओढून ठेवण्याची जागा हीसुद्धा सुविधा आहे, आणि ती नकाशात जवळपास कधीच नसते.

बांधकामामुळे पुळण झिजेल का?

पुळण ही स्थिर वस्तू नाही. लाटा तिरप्या येतात, वाळू किनाऱ्याला समांतर सरकते, वादळात आत जाते आणि शांत हवामानात परत येते. मागची वाळूची टेकाडे ही या व्यवहारातील शिल्लक रक्कम असते. टेकाडे सपाट करून तिथे बांधकाम केले आणि ते वाचवण्यासाठी भिंत घातली, की लाट भिंतीवर आपटून परतताना पुढची वाळू घेऊन जाते. समुद्रात आडवा बांध घातला तर एका बाजूला वाळू साठते आणि दुसऱ्या बाजूच्या शेजाऱ्याची पुळण उपाशी राहते.

मेक्सिकोतील कानकून हे १९७० च्या दशकात सरकारने आखून वसवलेले पर्यटनस्थळ. तिथली मोठी हॉटेले समुद्र आणि खाजण यांमधील वाळूच्या चिंचोळ्या पट्टीवर उभी आहेत. १९८८ च्या गिल्बर्ट आणि २००५ च्या विल्मा या वादळांनी पुळणीचे मोठे नुकसान केले. २००६ मध्ये समुद्रतळावरून वाळू आणून ती भरण्यात आली, आणि काही वर्षांतच पुन्हा भरावी लागली. वाळू भरण्याचा खर्च एकदाचा नसतो. तो सार्वजनिक पैशातून होणार असेल तर हा रिसॉर्टच्या विस्ताराचाच खर्च आहे, फक्त दुसऱ्या खात्यात लिहिलेला.

रस्ता आणि वाहनतळ यांचे काय?

वाहतूक मोजणी कोणत्या दिवशी केली ते आधी पाहावे. हंगामाबाहेरच्या एका मंगळवारी केलेल्या मोजणीवर आधारलेला अहवाल मी वाचला आहे, आणि त्यात पुढील वीस वर्षे रस्ता पुरेल असा निष्कर्ष होता. मंगळवारपुरता तो बरोबर असावा. बांधकामाच्या काळातील अवजड वाहने, कर्मचाऱ्यांची पाळी बदलण्याची वेळ आणि समारंभ संपण्याची वेळ यांचा वेगळा विचार हवा. वाहनतळ आवारात पुरेसा नसेल, किंवा असूनही त्याला शुल्क असेल, तर गाड्या गल्लीत उभ्या राहतात आणि रुग्णवाहिकेला वळण मिळत नाही.

विजेवर परिणाम होईल का?

होईल, विशेषतः संध्याकाळी, कारण वातानुकूलन, स्वयंपाकघर आणि वस्तीतील घरगुती वापर एकाच वेळी चढतो. स्वतंत्र रोहित्र आणि स्वतंत्र वाहिनी रिसॉर्टच्या खर्चाने होणार का, एवढे विचारले तरी बरेच उलगडते.

कचऱ्याची जबाबदारी कोणाची?

आवारातील कचरा तिथेच वेगळा करून ओल्या कचऱ्याचे खत करता येते, जागाही असते. अडचण येते ती झावळ्या आणि छाटलेल्या गवताची, कारण त्यांचे आकारमान प्रचंड असते आणि वजनावर आधारलेल्या अंदाजात ते दिसत नाही. वस्तीची कचरागाडी आठवड्यातून दोनदा येत असेल तर ती पहिल्या थांब्यालाच भरून जाणार नाही, याची खात्री करून घ्यावी.

दवाखाना, अग्निशमन आणि आपत्तीच्या वेळची सुटका?

छोट्या दवाखान्याची क्षमता कायम रहिवाशांच्या संख्येवरून ठरवलेली असते, पाहुणे त्या संख्येत नसतात. इमारत उंच होणार असेल तर जवळच्या अग्निशमन दलाची शिडी कुठवर पोहोचते आणि बंब यायला किती मिनिटे लागतात, हे विचारावे. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीने दाखवून दिले की किनाऱ्यावरून उंच जागी जाण्यासाठी मिळणारा वेळ काही वेळा मिनिटांतच असतो. किनाऱ्याकडे येणारा रस्ता एकच असेल तर पाहुणे गाड्या घेऊन निघतात आणि रहिवासी पायी, आणि दोघेही त्याच अरुंद पुलावर येतात. रिसॉर्टच्या भक्कम इमारतीचे वरचे मजले अशा वेळी वस्तीलाही खुले राहतील असा लेखी करार करता येतो. विस्तारातून वस्तीला मिळू शकणाऱ्या खऱ्या फायद्यांपैकी हा एक आहे.

रोजगार तर वाढेल ना? मग घरभाडे का वाढते?

रोजगार वाढतो. उच्च श्रेणीच्या रिसॉर्टमध्ये साधारणपणे एका खोलीमागे एक किंवा अधिक कर्मचारी लागतात. त्यांतले काही बाहेरून येतात आणि त्यांना राहायला जागा लागते. निवासस्थाने आवारात बांधली नाहीत तर ते वस्तीत खोल्या शोधतात. त्याच वेळी घरमालकांना पर्यटकांना दिवसावर खोली देणे अधिक किफायतशीर वाटू लागते. दोन्ही बाजूंनी ओढ लागली की शिक्षिका, परिचारिका, लाइनमन यांना भाडे परवडेनासे होते, आणि शाळा व दवाखाना इमारत असूनही माणसांविना अडतात. नोकऱ्यांचा आकडा ऐकताना त्या बारमाही किती आणि हंगामी किती, हेही विचारावे.

विस्तारामुळे सुविधा सुधारल्याची उदाहरणे नसतातच का?

असतात. एखाद्या वस्तीला स्वबळावर कधीच परवडले नसते असे सांडपाणी केंद्र मोठ्या ग्राहकामुळे उभे राहू शकते. बससेवेच्या फेऱ्या वाढतात, औषधाचे दुकान वर्षभर उघडे राहते. फरक पडतो तो क्रमाने. सुविधा आधी आणि खोल्या नंतर असा क्रम असेल तर लाभ होतो. उलटा क्रम असेल तर सुविधा ‘पुढील टप्प्यात’ जाते, आणि पुढील टप्पा बाजाराची स्थिती पाहून ठरतो.

प्रत्येक टप्पा लहान दाखवून मंजुरी घेतली जाते. यावर काय करता येते?

चाळीस खोल्या, मग सभागृह, मग पुन्हा चाळीस खोल्या. प्रत्येक तुकडा मोठ्या छाननीच्या मर्यादेखाली बसतो आणि बेरजेचा अभ्यास कोणीच करत नाही. हरकतीत पुढील वाक्य जसेच्या तसे घालता येईल : ‘याच आवारातील पूर्वीच्या सर्व मंजुऱ्या, प्रलंबित प्रस्ताव आणि शेजारील प्रकल्प यांचा एकत्रित परिणाम सर्वाधिक गर्दीच्या दिवसासाठी दाखवावा.’ जमिनीचे एकूण क्षेत्र आणि मूळ आराखडा मागवला तर पुढच्या टप्प्यांसाठी सोडलेल्या रिकाम्या जागा बहुधा त्यातच दिसतात. आतील रस्ता एखाद्या मोकळ्या माळावर जाऊन उगाच संपत नाही.

कोणत्या अटी लिहून घेण्यासारख्या आहेत?

‘योग्य ती काळजी घेतली जाईल’ ही अट नव्हे. अटीत आकडा, मोजणारा, मोजण्याची वेळ आणि मर्यादा ओलांडल्यावरची कृती असावी लागते. ‘निरीक्षण विहिरीतील क्लोराइड दर महिन्याला स्वतंत्र प्रयोगशाळा मोजेल, आकडे सार्वजनिक फलकावर लागतील, आणि ठरावीक मर्यादा गाठताच उपसा थांबेल’ असे लिहिले तर त्याचा पाठपुरावा करता येतो. सांडपाणी केंद्र पूर्ण भाराने तपासल्याशिवाय नव्या खोल्यांना वापर परवाना मिळू नये. दुरुस्तीसाठी हमीरक्कम आधी जमा व्हावी. आणि रिसॉर्टची मालकी बदलली तरी अटी नव्या मालकाला लागू राहतील हे वाक्य विसरू नये, कारण मोठ्या रिसॉर्टांची मालकी बदलते.

मंजुरी मिळून गेली आहे आणि पाया खणायला सुरुवात होणार आहे. आता उशीर झाला का?

पाया खणण्याआधीचे दिवस सर्वांत मोलाचे असतात. तळघरासाठी खोल खड्डा घेतला की तो कोरडा ठेवण्यासाठी रात्रंदिवस पाणी उपसतात, आणि त्यामुळे आजूबाजूच्या विहिरी उतरू शकतात. पुढे वाद झाला तर ‘आधी किती पाणी होते’ हा पहिला प्रश्न असतो, आणि वस्तीकडे त्याचे उत्तर नसते.

म्हणून आजच एक जाड वही घ्यावी. दोरीला वजन बांधून काठापासून पाण्यापर्यंतचे अंतर दर रविवारी एकाच वेळी, पंप सुरू करण्याआधी मोजावे आणि सेंटिमीटरमध्ये लिहावे. खारेपणा दाखवणारे खिशात मावणारे विद्युतवाहकता मापक मिळते, त्याचा आकडा शेजारी लिहावा. महिन्यातून एक नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत द्यावा आणि पावती त्याच पानाला टाचावी. नोंदीवर दोन घरांच्या सह्या असाव्यात, त्यांतले एक घर रिसॉर्टमध्ये नोकरीला असलेल्या माणसाचे असले तर अधिक चांगले. वाटेचे, चेंबरच्या झाकणांचे आणि भरतीच्या वेळच्या पुळणीचे छायाचित्र दर महिन्याला त्याच जागी उभे राहून घ्यावे. खोदकाम सुरू होण्यापूर्वी अशा निदान चार रविवारांच्या नोंदी हाती असाव्यात.